पांढऱ्या एस्टीमचा बंपर

१

"वस्तू ओरिजिनल हाय म्हनता, तर माझ्या पोराला का डांबलंय? चोरी न्हाई, लबाडी न्हाई, मग पोरगं आत कशापायी?"

राहीबाई एवढ्या मोठ्याने ओरडली, की चौकीच्या आवारात झोपलेलं कुत्रं उठून भिंतीपलीकडे जाऊन बसलं.

"अगं बाई, खरा माल आहे म्हणूनच तो आत आहे," हवालदार शिवराम म्हणाला. तो हे तिसऱ्यांदा सांगत होता. "बंपर डुप्लिकेट निघाला असता तर गॅरेजवाल्याला धरला असता. पण खरा बंपर निखळून पडला, म्हणजे बसवणाऱ्याने बोल्ट आवळले नाहीत. बसवला कोणी? गॅरेजच्या मेकॅनिकने, तुझ्या रणजीतने. जॉबकार्डवर सही कोणाची? रणजीतची."

"त्यानं हात बी लावला न्हाई! तवा तो गावाला जत्रंला गेलता!"

"मग काय ग्रामदैवत येऊन बसवून गेलं का?" गाडीचे मालक रावसाहेब जगदाळे छत्रीच्या दांड्याने पाठ खाजवत म्हणाले. गॅरेजचा मालक धर्मराज भोईर बाजूलाच उभा होता. तो हसला नाही. चपलेने माती उकरत राहिला.

झालं होतं ते असं. नऊ ऑक्टोबर सत्त्याण्णव, सकाळचे साडेसहा. कळंबोलीच्या पुढे नावडे फाट्याजवळ रावसाहेबांची पांढरी एस्टीम सुसाट चालली होती. चालत्या गाडीचा पुढचा बंपर डावीकडून सुटला, चाकाखाली गेला, त्याचे दोन तुकडे झाले. एक तुकडा मागून येणाऱ्या लुनाच्या पुढ्यात पडला. लुनावर होता नावड्याचा कमळाकर, घरोघर पाव टाकणारा. तो पडला तो उठलाच नाही. त्याचे पाव रस्त्याभर पसरले आणि तळोज्याचे ट्रक त्यांच्यावरून जात राहिले. कोणी थांबलं म्हणता? छे.

आता त्या बंपरचे दोन तुकडे गोणपाटावर मांडले होते आणि माल खरा की खोटा याचा शेवटचा शब्द द्यायला त्यांच्यासमोर कासिम तुंगेकर उकिडवा बसला होता. कासिम इन्शुरन्सचा सर्व्हेअर. बेचाळीस वर्षांचा, मूळचा उरणजवळच्या मोऱ्याचा, आता नेरूळला राहणारा. ठोकलेली गाडी बघायची, काय दुरुस्त करायचं नि काय नवीन घालायचं ते लिहायचं, आणि काम झालं की पुन्हा जाऊन तपासून सही करायची. पंधरा वर्षं हेच.

त्याने उजवा तुकडा उलटा केला. आतल्या बाजूला कंपनीचा ठसा प्लास्टिकमध्येच उठलेला होता. डुप्लिकेटवाले बाकी सगळी नक्कल करतात, हा ठसा उठवायला घाबरतात.

"ओरिजिनल," कासिम म्हणाला.

डावा तुकडा चिखलाने माखलेला, तोंड वर करून पडला होता. तो त्याने उलटला नाही. कशाला उलटायचा? ठसा एकदा दिसला की दिसला.

राहीबाई मटकन खाली बसली. तो एक शब्द म्हणजे तिच्या पोरावरचं कुलूप होतं.

"सोमवारी कोर्टात उभा करू," शिवराम म्हणाला, आणि कागद पुढे सरकवला. "साहेब, एप्रिलमध्ये बसवल्यावर तुम्हीच तपासला होता ना? रिपोर्टवर तुमची सही आहे."

"हो," कासिम म्हणाला. "माझ्या डोळ्यांनी बघितला."

साफ खोटं होतं. तो त्या दिवशी गॅरेजच्या जवळपाससुद्धा फिरकला नव्हता.

२

माणूस खोटं बोलला की त्याला बसवत नाही. कासिम घरी जायचा सोडून कोठडीच्या गजापाशी गेला.

रणजीत भिंतीला टेकून बसला होता. चोवीस वर्षांचा, हाताच्या रेषांत ग्रीस मुरलेलं. तो उठून उभा राहिला, कारण साहेब आला की उठायचं एवढं त्याच्या अंगात भिनलेलं.

"खरं सांग. बोल्ट तू आवळलेस?"

"मी नव्हतोच, साहेब. पंधरा एप्रिलला आमी सातारकडची सगळी पोरं जत्रेला गेलो, पंचवीसला आलो. गावात कोणालाबी इचारा."

"ते म्हणतात गाववाले गावाच्याच बाजूने बोलणार. मग कार्डावर सही कशी तुझी?"

"माझीच हाय." रणजीत खाली बघून म्हणाला. "महिन्याच्या शेवटाला शेठ सगळी कार्डं पुढ्यात टाकतात. पंधरा-वीस असतात. सह्या केल्या की पगार. कोण वाचत बसतंय?"

कासिमच्या कानाखाली कोणी तरी आवाज काढल्यासारखं झालं. कोण वाचत बसतंय! हे तर त्याचंच वाक्य. पोराच्या तोंडात गेलं कसं?

"आणि साहेब, मी बसवला असता तर पिवळा ठिपका असता."

"कसला ठिपका?"

"माझ्या उस्तादची शिकवण. बोल्ट पुरा आवळला की त्याच्या डोक्यावर पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका द्यायचा. ठिपका नसंल तर पुन्ना पाना लावायचा. आजपर्यंत एक बोल्ट सोडला न्हाई मी."

"हे इथे सांगितलंस?"

"सांगितलं की. म्हनले, रंगपंचमी खेळतोस का बे?"

एस्टीम चौकीच्या मागे उभी होती, समोरून बोळकी. कासिमने रुमाल अंथरला, गुडघे टेकले, टॉर्च मारला. रेडिएटरच्या पट्टीवरचे बोल्ट: पिवळा, पिवळा, पिवळा. हॉर्नचा: पिवळा. आणि बंपरचे चार बोल्ट कोरे.

नुसते कोरे नाहीत. चारही जागच्या जागी होते. पाना लावला तर हलेनात. प्रत्येकाच्या वॉशरखाली रुपयाएवढा प्लास्टिकचा तुकडा चिमटीत धरल्यासारखा अडकून राहिला होता. बोल्ट ढिला असता तर बंपर भोकातून सुटून आला असता. इथे तर बोल्टने बंपर सोडलाच नव्हता. बंपरच फाटून गेला होता.

मग नवाकोरा ओरिजिनल बंपर फाटला कसा?

त्याने डाव्या बोल्टखालचा तुकडा नखाने फिरवून उजेडात धरला. फाटलेल्या कडेला रंग दिसत होता. पांढरा. त्याखाली पिवळट लांबी, पेंटर भेगा बुजवतात ती पुट्टी. आणि लांबीच्या खाली पुन्हा पांढरा.

नवा बंपर काळा येतो. त्यावर रंग एकदाच बसतो.

३

तुर्भ्याच्या मार्केटात शनिवारी सकाळी पाय ठेवायला जागा नसते. रावसाहेब आपल्या गाळ्यात गोण्यांच्या थप्पीला रेलून बसले होते आणि हमालांवर खेकसत होते.

"आता काय राह्यलंय, सर्व्हेअरसाहेब? ओरिजिनल म्हनून सांगून मोकळे झाला की. तुमच्या त्या ओरिजिनलच्या हट्टापायीच हे रामायण."

कासिमला मार्चमधली दुपार आठवली. मार्केटच्या गेटवर रिव्हर्स येणाऱ्या ट्रकने एस्टीमचा बंपर डावीकडून चिरला होता. गॅरेजात तिघे उभे. रावसाहेब म्हणत होते, डुप्लिकेट टाका. प्लास्टिकच्या पार्टचे निम्मे पैसे इन्शुरन्सवाले देतच नाहीत, मालकाच्या बोडक्यावर, मग महागडा माल कशाला? रंग मारल्यावर काय दुकानाचं नाव दिसतंय? धर्मराज डोकं खाजवत म्हणाला होता, "डुप्लिकेटची भोकं जुलत नायत, रावसाहेब. भोक मोठं करून बोल्ट मारावा लागतो." आणि कासिमने ऐटीत सांगितलं होतं: ओरिजिनलच लागेल, नाहीतर मी क्लेम पास करणार नाही.

मग त्याने खिशातला टोच्या काढून मोडक्या बंपरच्या आत, चिरेच्या शेजारी, स्वतःची खूण कोरली होती. अर्धा चंद्र आणि क्लेमचे शेवटचे आकडे, ४७. सगळे सर्व्हेअर असं काही ना काही करतात. एकच मोडका पार्ट दुसऱ्या गाडीला दाखवून दोनदा क्लेम काढणारे बहाद्दर कमी नाहीत.

"डुप्लिकेट त्याच दिवशी मिळत हुता," रावसाहेब म्हणाले. "ओरिजिनलला वरून मालच न्हाई. महिना गेला. भाचीचं लगीन वीस एप्रिलला. मी धर्मराजला म्हनलं, काय बी कर, मला अठराला गाडी पायजे. दिली त्यानं. झकास चकाकत हुती."

"कुठला बंपर लावलाय ते विचारलंत?"

"मी कांदं इकतो. बंपरचं मला काय कळतंय?" पण बोलताना त्यांनी नजर फिरवली. कासिम ठोकलेल्या गाड्या बघून बघून एवढं शिकला होता, की वाकलेला पत्रा सरळ केला तरी सुरकुती राहतेच.

"नंतर काही तक्रार?"

"माझी न्हाई. त्याचेच फोन. जूनपासनं तीन डाव. 'गाडी घेऊन या, अर्ध्या तासाचं काम हाय.' मी म्हनलं सीझन संपू दे."

"कसलं काम?"

"इचारलं न्हाई." रावसाहेबांनी एक कांदा उचलला, दाबून बघितला, परत ठेवला. "म्हनत हुता, काहीतरी आलंय. बसवून देतो."

४

वाशीला सेक्टर सतरात इशरतचं स्पेअरपार्टचं दुकान. नवरा दुबईला, दुकान ही चालवायची, आणि सेल्समन लोक तिला टरकून असायचे. कासिमने फाईल काउंटरवर उघडली.

"हा बंपर तुमच्याकडूनच गेला ना?"

"बिल आमचंच है. सतरा एप्रिल." इशरतने चष्मा लावला. "माल पण आमचाच."

"एप्रिलमध्ये ओरिजिनलचा माल होता?"

इशरतने फाईलमधलं लेबल बोटाने दाबलं. ओरिजिनल पार्टच्या खोक्यावरचं ते लेबल फाईलला लावल्याशिवाय क्लेमचे पैसे सुटत नाहीत. मागे खोक्याचा पुठ्ठा सोलून आला होता.

"हे लेबल कोणी चिकटवलं, कासिमभाई?"

"मी."

"वाचलं नाही?"

त्याने वाकून बघितलं. बारीक अक्षरात पॅकिंगचा महिना छापला होता. जून सत्त्याण्णव.

धर्मराज पावसाळ्याच्या सुरुवातीला ऑफिसात आला होता. 'लेबल लावायचं राह्यलं व्हतं, साहेब.' कासिमने चहा पीत पीत गोंद लावून ते फाईलला डकवलं होतं. स्वतःच्या हाताने.

"धर्मराज बोलला, बिल आधी दे, माल आला की उचलतो," इशरत म्हणाली. "सगळेच करतात. मी दिलं. जूनमध्ये खोका आला, त्याने नेला. माझी चूक एवढीच. पण तुमची ही काय भानगड है?"

तिचं बोट आता कासिमच्या रिपोर्टवर होतं. 'बसवलेला नवीन बंपर समक्ष तपासला.' सही. तारीख अठरा एप्रिल.

"अठराला शुक्रवार होता," इशरत म्हणाली. "बकरी ईद होती, कासिमभाई. दुनिया इकडची तिकडे झाली असती तरी तुम्ही मोऱ्याला अम्मीकडे असणार. सबिहाभाभीने त्याच दिवशी मला फोन केला होता तिकडून." तिने चष्मा काढला. "तुम्ही गॅरेजमध्ये कोणाला ईद मुबारक करायला गेला होता?"

५

सतरा तारखेला संध्याकाळी धर्मराजने त्याला चहाच्या टपरीवर गाठलं होतं. उद्या बंपर लागेल, परवा गाडी लग्नाला जाईल, तुम्ही तर मोऱ्याला चाललात. कासिमच्या डोक्यात मोऱ्याचीच वाट होती. त्याने स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सही केली आणि म्हणाला, तारीख तू टाक. धर्मराजने दुसऱ्या दिवशी काम झाल्यावर टाकली. त्याच्या ध्यानीमनीही आलं नाही, की तो कोणता दिवस आहे.

कासिम दुपारी पुन्हा चौकीत आला. हवालदार जेवत होता. राहीबाई झाडाखाली फडक्यात बांधलेली भाकर घेऊन बसली होती. ती कोणी तिला आत देऊ देत नव्हतं आणि तिलाही खाववत नव्हतं. तिने विचारलंसुद्धा नाही. नुसती बघत राहिली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

गोणपाटावरचा डावा तुकडा कासिमने दोन्ही हातांनी उलटा केला. हे काल करायचं काम होतं. त्याआधी एप्रिलमध्ये करायचं काम होतं.

आतल्या बाजूला काळा रंग जाड थापला होता. त्याने घराच्या किल्लीने खरवडायला सुरुवात केली. रंग निघाला, खाली कडक लांबी. ती पोपड्यासारखी सुटली. आधी एक वाकडी रेघ दिसली. मग तिचं दुसरं टोक. अर्धा चंद्र. शेजारी ४७.

त्याचीच खूण.

म्हणजे नवा बंपर या गाडीला लागलाच नव्हता. ओरिजिनल की डुप्लिकेट म्हणून सगळे एकमेकांच्या उरावर बसले होते, आणि गाडीवर होता तोच ट्रकने चिरलेला जुना बंपर. ठसा खरा होता, कारण तो फॅक्टरीतूनच गाडीबरोबर आला होता.

त्याने आणखी खरवडलं. चिरेच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं पाडून ती तांब्याच्या तारेने शिवली होती. गोणी शिवणाऱ्याने मारावेत तसे आडवेतिडवे टाके नव्हते. प्रत्येक टाक्याला एक वेढा, बोटाखालून उलटं वळण आणि मग गाठ. ओढली की आणखी आवळणारी.

कासिमने किल्ली खाली ठेवली. मोऱ्याच्या जेट्टीवर त्याचं लहानपण गेलं होतं. जाळं फाटलं की खाडीवरची माणसं अशीच शिवतात. साताऱ्याच्या पोराने जन्मात जाळं शिवलेलं नसतं. ही गाठ त्याच्या बापालाही येत नसणार, मग त्याला कुठून येणार?

ती येणारा गॅरेजात एकच होता. खाडीकाठच्या करावे गावचा.

६

"तुझा बाप जाळी विणायचा ना, धर्मराज?"

गॅरेज बंद करायची वेळ होती. धर्मराज हात धूत होता. त्याने नळ बंद केला आणि पाठमोराच उभा राहिला.

"गाठ बगितली तू," तो म्हणाला. एरवी तो साहेब-साहेब करायचा. "मला वाटलंच. कोनी बगितली तर तूच बगशील."

"कशाला केलंस?"

"काय कशाला? सगली सातारची पोरं जत्रेला. मी एकटा. त्या रावसाहेबाला लगनाला गाडी पायजे, आनि तू अडून बसलास, ओरिजिनल, ओरिजिनल! वरून माल नाय. मी म्हनलं जुना शिवून देतो, नवा आला का बदलू. चोरी केली मी? ये, बग."

त्याने शिडी लावली. माळ्यावर, जुन्या टायरांच्या मागे, एक लांबलचक खोका होता. धूळ बसलेला, पट्ट्या न कापलेला. एका कोपऱ्यावर पुठ्ठा सोललेला होता, लेबल काढल्याची जागा.

नवा ओरिजिनल बंपर चार महिने तिथे पडून होता. कोणी चोरला नव्हता, कोणी विकला नव्हता.

"तीनदा फोन केला त्याला," धर्मराज म्हणाला. "चवथा करायचा राह्यला."

"आणि रणजीतला अडकवलंस?"

"मी कुटं अडकवला? कार्डावर सगल्यांची नावं मी सवयीनं टाकतो. सही त्याची व्हती. मी नुसता गप बसलो." तो वळला. त्याचे डोळे लाल होते. "तू पन गपच बसलास नं? 'माज्या डोल्यांनी बगितला.' मी बाजूलाच उभा व्हतो, कासिम. मनात म्हनलं, चला, साहेब पन आपल्यातलाच हाय."

कासिमला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. हात उचललाच गेला नाही. मारायची तर आधी कोणाला?

"डोक्यानं इचार कर," धर्मराज हळू आवाजात म्हणाला. "तू तोंड उघडलंस तर तू, मी, इशरतबाई, तो कांदेवाला. चार घरं. नाय उघडलंस तर एक पोरगा. दोन वर्सांत सुटंल. त्याच्या आयशीला मी बगतो."

"आणि कमळाकरला कोण बघतो?"

धर्मराजने खोक्याचं एक टोक धरून तो शिडीवरून खाली सोडला.

"ने. कोनाला लागतोय आता."

७

रविवारी संध्याकाळी पाच वाजता खोका कासिमच्या घरात उभा होता. पॅसेजमध्ये, कारण दुसरीकडे कुठे मावत नव्हता. मुलगी अमरीन येता-जाता त्याला धडकत होती आणि चिडत होती.

कासिमने चार पानं लिहिली होती. चंद्राची खूण, तारेची गाठ, जूनचं लेबल, ईदची तारीख. पिवळा ठिपका जिथे नाही ते बोल्ट. आणि शेवटी, आपण न बघता सही केली आणि चौकीत खोटं बोललो, हे. लायसन्स तर जाणारच होतं. केस होणार होती. पंधरा वर्षांच्या फाईली उघडतील, आणि त्यांतल्या किती सह्या टपरीवरच्या आहेत हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

सबिहाने पानं वाचली. ती रडली नाही. म्हणाली, "सही कुठे आहे?"

"आधी वाचतोय."

"आता वाचून काय उपयोग?" ती म्हणाली.

फोन वाजला. हवालदार शिवराम होता, खुशीत.

"साहेब, उद्या तुम्हाला यायची गरज नाही. पोराने कबूल केलं."

"काय कबूल केलं?"

"बोल्ट ढिले ठेवले म्हणून. सही केली त्याने. त्याला सांगितलं, सही कर, आईला भेटू देतो. लगेच केली. उद्या कोर्टातपण हेच सांगणार म्हणतो."

"बोल्ट ढिले नव्हते, शिवराम. जाऊन बघा, अजून आवळलेले आहेत. त्याने वाचलं तरी का?"

"तो कशाला वाचतोय?"

कासिमने रिसीव्हर ठेवला. आता त्याच्या चार पानांसमोर पोराच्या कबुलीचं एक पान उभं राहणार होतं. कोर्टात कोणतं पान जड जाईल हे त्याला ठाऊक होतं. आरोपीची स्वतःची सही, आणि एकदा खोटं बोलून बसलेल्या सर्व्हेअरची सही. माणूस कशावर विश्वास ठेवेल? कदाचित दोघेही आत बसतील. तो आणि रणजीत. धर्मराज म्हणाला होता, चार घरं नाहीतर एक. चार अधिक एक, ही पाचाची बेरीज त्याने केलीच नव्हती.

आणि जाळं कितीही शिवलं तरी नावड्याच्या त्या माणसाचे पाव कोणी उचलून देणार नव्हतं.

त्याने पानं पहिल्यापासून वाचली. एकदा. मग परत एकदा, बोट ठेवून, एकेक ओळ. एका ठिकाणी तारीख चुकली होती, ती खोडून नीट केली. मग सही केली. तारीख स्वतः टाकली.

"कोणाला तरी घेऊन जा," सबिहा म्हणाली. "वकील, कोणी तरी. उद्या सकाळी जा."

"उद्या कोर्ट आहे, हे आजच चौकीत द्यायला पाहिजे. ती बाई अजून झाडाखाली बसली असेल."

"आणि उद्यापासून आम्ही?"

खाली थांबवलेल्या रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. कासिमने खोक्याचं पुढचं टोक उचललं. मागचं जमिनीला घासत राहिलं. सबिहाने पदर खोचून मागचं टोक धरलं.

"जिन्यात सांभाळून," तो म्हणाला. "उचल. मला आता निघायला पाहिजे."